भिंतीजवळचं धुराडं

दिवाळी सरली आणि प्रतीक्षाची चूल धुरायला लागली.

तोवर त्या चुलीनं कधी कुणाला त्रास दिला नव्हता. तामलवाडीतल्या त्यांच्या घराच्या मागच्या पडवीत, पत्र्याखाली ती चूल होती; मातीची, शेजारी वैल म्हणजे छोटी जोडचूल असलेली. मागून एक लोखंडी पाईप पत्र्यातून वर गेला होता. सकाळी तुराट्यांचा जाळ केला की धूर सरळ वर जायचा. घरात गॅस होता, पण तो चहाला आणि भाजीला. भाकरी चुलीवरच व्हायची, कारण ती नुसती घरापुरती नव्हती. सोलापूर रस्त्यावर माणिकप्पाचं हॉटेल होतं आणि तिथल्या गिऱ्हाइकांना प्रतीक्षाच्या हातची कडक भाकरी लागायची. पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांपुढं उभी करून पापडासारखी वाळवायची. हे ती माहेरी, आईच्या शेजारी बसून शिकली होती. सासरी आल्यावर तिचं असं म्हणता येईल असं एवढंच होतं.

धूर सुरू झाला तेव्हा पहिलं बोट तिच्याकडंच वळलं.

"वलं जळण घातलंस," हरणाबाई म्हणाली. हरणाबाई तिची सासू. पाय अधू झालेले, त्यामुळं दिवसभर चुलीजवळ पोतं टाकून बसायची. "जळण बघून घ्यावं लागतं. नुसतं चुलीत कोंबलं म्हंजी जाळ व्हत न्हाय."

प्रतीक्षानं ऐकून घेतलं. अवकाळी पाऊस होऊन गेला होता, म्हणजे म्हातारीचं म्हणणं अगदीच खोटं नसेल. तिनं अंगणातलं सगळं सरपण उचलून आत आणलं, बाभळीची जाड लाकडं फोडून उन्हात पसरली, तुराट्यांच्या पेंड्या पत्र्याखाली उभ्या केल्या. लाकडं एकमेकांवर आपटली की खणखण वाजायला लागली. तरी धूर होताच. रोज नव्हता. एखाद्या सकाळी चूल पूर्वीसारखी भडभडून पेटायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच लाकडांनी पडवी अशी भरून जायची की समोरची भिंत दिसायची नाही.

मग तिला वाटलं, पाईप तुंबला असेल. लांब काठीला पोत्याचा बोळा बांधून ती पत्र्यावर चढली आणि पाईप वरून खालपर्यंत घासला. काजळीचा ढीग पडला, त्यात कुण्या पाखराचं अर्धंमुर्धं घरटं. खाली उतरली तेव्हा तिचं तोंड, हात, केस सगळं काळं झालं होतं. शेजारची दगडाबाई कुंपणापलीकडून बघत होती.

"आगं, काय हे सोंग?"

"धुराडं साफ केलं, मावशी."

"बरं केलंस. आता वढंल धूर."

दोन दिवस खरंच ओढला. हरणाबाईची कुरकूरही थांबली. तिसऱ्या दिवशी भाकरी तव्यावर असतानाच पाईपमधून धुराचा लोट उलटा आला, जाळ दबला, आणि हरणाबाई खोकत खोकत पोत्यावर आडवी झाली.

"मारतीस का मला?" खोकला थांबल्यावर ती म्हणाली. "माझ्या उभ्या जन्मात ह्या चुलीनं असं केलं न्हाय. हाताला गुण पायजे."

प्रतीक्षानं चुलीतली सगळी राख उपसली. पाईप चुलीला जिथं जोडला होता तिथं भेग पडली होती, ती माती आणि भुस्सा कालवून बुजवली. लाकडांखालून हवा खेळावी म्हणून लोखंडी जाळी बसवली. चूल पेटवताना पडवीचं दार उघडं ठेवून पाहिलं, बंद ठेवून पाहिलं. आधी पाईपच्या तोंडाशी कागद जाळून पाईप तापवून घेतला, मग जाळ केला. प्रत्येक गोष्टीनं थोडा फरक पडायचा, आणि वारा सुटला की सगळं मुसळ केरात.

वारा सुटला की. हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला, कारण धुरात बसलेल्या माणसाला बाहेर वारा आहे की नाही हे कुठं कळतं?

तोपर्यंत माणिकप्पाकडून निरोप आला होता. तिचा नवरा कुमार दूध संकलनाच्या पिकअपवर ड्रायव्हर होता. जाता जाता भाकरी तोच हॉटेलवर टाकायचा. एका दुपारी तो भाकरीची एक चवड तशीच परत घेऊन आला.

"मऊ पडल्यात म्हणतोय. काहींना बुरशी धरली. आणि धुराचा वास मारतोय म्हणला."

"तुमी काय म्हणाला?"

"काय म्हणणार? बघतो म्हणलो."

प्रतीक्षानं चवड हातात घेतली. वरची भाकरी मोडली, तर ती कुरकुरीत तुटली नाही, वाकली. जाळच लागत नव्हता तर भाकरी वाळणार कशी? तिनं ती सगळी चवड दगडाबाईच्या म्हशीपुढं टाकली.

त्यानंतर आलेल्या वाऱ्याच्या सकाळी तिनं दगडाबाईला हाक मारून चुलीपाशी बसवलं. "मावशी, म्या वर जाते. तुमी जाळावर थोडा वला भुस्सा टाका. मला धूर कुठं जातोय ते बघायचंय."

ती पत्र्यावर जाऊन बसली. खाली दगडाबाईनं भुस्सा टाकला, आणि पाईपमधून पांढरा, दाट धूर निघाला. उगवतीकडून वारा होता. धूर मावळतीला गेला, थोडाच गेला, आणि भिंतीला धडकला. तिथून तो वर गेला नाही. भिंतीला घासत खाली वळला आणि पत्र्यावर पसरला. प्रतीक्षाला गालावर वारा वरून खाली येताना कळत होता. मग पाईपमधून धूर यायचाच बंद झाला आणि खालून दगडाबाई ओरडली, "आगं बाई, मेले! सगळा आत आला!"

भिंत बिभीषणची होती.

बिभीषण हा कुमारचा थोरला भाऊ. तुळजापूरला एका पतसंस्थेत नोकरीला. घराची वाटणी झाली तेव्हा मधून भिंत पडली. मावळतीची बाजू त्याची, उगवतीची कुमारची, आणि आई कुमारकडं. म्हणजे बिभीषणनं तिला नेलं नाही. हरणाबाई मात्र गावात सगळ्यांना सांगायची की थोरल्याकडं जागा कमी पडते, त्याची पोरं शिकायची आहेत. दसऱ्यानंतर बिभीषणनं वरचा मजला चढवला. दोन खोल्या, आणि कुमारच्या बाजूला एक उंचच्या उंच, बिनखिडकीची भिंत. आता जागा होती. तरी हरणाबाईला कुणी बोलावलं नाही, आणि ती जागेबद्दल बोलायची बंद झाली.

प्रतीक्षा खाली उतरली ती सरळ सासूसमोर.

"आत्याबाई, जळणाचं न्हाय, चुलीचं न्हाय. भाऊजींच्या नव्या भिंतीमुळं वारा उलटा येतोय. त्यांनी मजला चढवल्यापासनंच हे सुरू झालंय. आठवा तुमी."

हरणाबाईनं पदरानं डोळे पुसले. धुरानं पाणी येत होतं.

"तुला चूल पेटवता येईना म्हणून आता त्याच्या भिंतीवर आलीस व्हय?"

"म्या डोळ्यानं बघितलं. मावशी हुत्या खाली."

"दगडी काय, तुझ्याच बाजूनं बोलंल."

दगडाबाई खोकत घरी निघून गेली.

उपाय अवघड नव्हता. पाईप भिंतीच्या वर जाईल इतका उंच करायचा. पण तेवढा उंच पाईप नुसता उभा राहिला नसता. त्याला भिंतीला दोन ठिकाणी पट्टी मारून धरावं लागलं असतं. भिंत दुसऱ्याची. रात्री जेवताना तिनं कुमारला सांगितलं. कुमारनं भाकरी कालवणात कुस्करली, आणखी कुस्करली.

"दादाला कसं म्हणायचं?"

"तोंडानं."

"तसं न्हाय गं. ही ड्रायव्हरकी त्यानंच लावून दिलीया. उद्या म्हणंल, एवढं केलं तरी ह्यांचं हायच."

"मग म्या म्हणते."

कुमारनं वर पाहिलं नाही. त्याचा अर्थ तिनं हो असा घेतला.

रविवारी ती डोक्यावरून पदर घेऊन दिराच्या दारात गेली. बिभीषण हॉलमध्ये सोफ्यावर पेपर वाचत बसला होता. त्याची बायको महानंदा आतून आली, ये म्हणाली, बस म्हणाली नाही. प्रतीक्षानं उभ्यानंच सगळं सांगितलं. वारा कसा येतो, धूर कसा फिरतो, आत्याबाईंचा खोकला कसा वाढलाय. पट्ट्या बाहेरच्या बाजूला बसतील, तुमच्याकडं काही दिसणार नाही.

बिभीषणनं शांतपणे ऐकून घेतलं. त्याचा आवाज कधीच चढत नसे.

"भिंतीला बाहेरून गिलावा केलाय, रंग दिलाय. छिद्र पाडलं की पाणी मुरणार. मग कुणाला म्हणायचं मी?"

"छिद्र सिमेंटनं बुजवून घेईन, भाऊजी."

"आणि काजळी? माझ्या गच्चीवर कपडे असतात." त्यानं पेपरची घडी घातली. "आणि हे बघ, आज पट्टी, उद्या पत्र्याचा अँगल, परवा भिंतच आमची. असं होत जातं. मी ऑफिसात रोज बघतो."

"आत्याबाई धुरात बसतात. तुमच्या आई."

"मग धुरात कशाला बसवता?" महानंदा म्हणाली. "आता कोण चूल वापरतं? गॅसवर करावं."

"कडक भाकरी गॅसवर न्हाय व्हत, अक्का."

"मग करू नये."

प्रतीक्षा परत आली. हरणाबाईनं काय झालं ते विचारलं नाही, पण तिच्या तोंडाकडं पाहून तिला कळलं असावं. ती म्हणाली, "नव्या भितीला कोण खिळं मारू देईल?" आणि त्यात मुलाची बाजू मांडल्याचं समाधान होतं.

मग प्रतीक्षानं स्वतःच्या पत्र्यावर काय करता येईल याचा विचार केला. वेल्डिंगवाल्या अमरनाथकडून तिनं पाईपला वरचा तुकडा जोडून घेतला, वर पावसासाठी टोपी बसवली, आणि पाईपच्या गळ्याला कडं अडकवून तिथून तीन बाजूंना तारा ताणल्या. तिन्ही तारा तिच्याच हद्दीत, एक पत्र्याच्या अँगलला आणि दोन अंगणात रोवलेल्या खुंट्यांना. दिराच्या भिंतीला बोटही लागलं नाही. कुमारनं तारा पिळायला मदत केली; करताना सारखा पलीकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगला वारा होता. प्रतीक्षानं तुराट्या लावल्या, काडी ओढली. जाळ क्षणभर अडखळला आणि मग घुंऽऽ असा आवाज करत पाईपमध्ये ओढला गेला. पडवीत धुराचं नाव नव्हतं. ती बाहेर जाऊन वर बघून आली. भिंतीच्या डोक्यावरून धूर आडवा वाहत दूर शेताकडं चालला होता.

ते दिवस चांगले गेले. भाकरी टम्म फुगायची, वरचा पापुद्रा सुटायचा, निखाऱ्यांपुढं उभी केली की तासाभरात टणक व्हायची. हरणाबाईचा खोकला उतरला. एका सकाळी ती स्वतःहून म्हणाली, "दे गं, दोन म्या थापते," आणि बसल्या बसल्या पिठाची लाकडी काटवट पुढ्यात ओढून तिनं दोन भाकरी थापल्या. कडा जाड राहिल्या, पण भाकरी गोल झाली. प्रतीक्षानं त्यातली एक तिलाच दिली, तेल आणि शेंगाची चटणी घालून. दोघी चुलीपाशी बसून खात होत्या. लग्न झाल्यापासून अशा दोघी कधी बसल्या होत्या, ते प्रतीक्षाला आठवेना. माणिकप्पानं भाकरी पुन्हा घ्यायला सुरुवात केली. यात्रेची गर्दी येतेय, वाढवून दे, असा निरोपही पाठवला.

माघ लागल्यावर प्रतीक्षा माहेरी गेली. चुलतभावाचं लग्न होतं. सासूच्या जेवणाचं दगडाबाईला सांगून गेली. लग्न लावून परत आली तर एसटीतून उतरल्यावर लांबूनच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घराजवळ आल्यावर काय ते कळलं. भिंतीच्या वर काही नव्हतं.

पाईप अंगणात पडला होता. पडला होता म्हणजे वाऱ्यानं नाही. तारा पक्कडीनं कापलेल्या होत्या, वरचा तुकडा जोडावरून करवतीनं कापून काढलेला होता आणि कुंपणाला नीट लावून ठेवला होता. टोपी वेगळी. बिभीषणचं काम असंच असायचं, स्वच्छ.

पडवीत हरणाबाई पोत्यावर बसलेली होती. प्रतीक्षानं पिशवी खाली ठेवली.

"कुणी काढलं?"

"बिभीषणनं."

"कधी?"

"आज सकाळी. महानंदाच्या वाळवणावर काजळी पडली म्हणं. साड्यांवर बी."

"तुमी त्यास्नी काय म्हणाला न्हाय?"

हरणाबाईनं पदर सावरला. मग तिचं तोंड जरा उजळलं, आणि ती जे बोलली ते प्रतीक्षा पुढं कितीतरी दिवस विसरू शकली नाही.

"त्यानं हाक मारली मला. लई दिसांनी. भितीपलीकडनं न्हाय, इथं दारात यिऊन. 'आई, जरा शिडी धर,' म्हणला. पत्रा घसरतोय, पडंन म्हणला."

"आणि तुमी धरली."

"मग काय पडू द्यायचा? माझं लेकरू हाय."

"तुमचे पाय चालत न्हाईत, आत्याबाई. काटवट उचलून द्यावी लागती मला."

"धरली की. हुबी ऱ्हाईले. तो खाली आल्यावर म्हणला, बस आता, दमली असशील." हरणाबाईनं गुडघ्यावर हात फिरवला. "पाणी मागितलं त्यानं. म्या दिलं. प्याला."

प्रतीक्षा तिच्याकडं बघत राहिली. राग आला असता तर बरं झालं असतं. म्हातारीच्या चेहऱ्यावर जे होतं त्याच्यावर रागावताही येत नव्हतं, आणि ते माफही करता येत नव्हतं. लग्नात मुलाच्या मानपानाबद्दल बोलताना बायकांच्या तोंडावर असतं तसं काहीतरी होतं ते.

"त्या धुरानं मराल तुमी," ती म्हणाली.

"मरंन की. पण तू त्याच्या घरावर काजळी पाडायची न्हाय."

संध्याकाळी कुमार आला. अंगणातला पाईप पाहिला, आत आला, पाय धुतले. प्रतीक्षानं वाट पाहिली. तो म्हणाला, "जाऊ दे. भंगारात घालू. पुन्हा बांधलं तर पुन्हा काढंल तो."

"आणि तुमी?"

"मी काय?"

"कायच न्हाय," प्रतीक्षा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं पहार घेतली आणि चूल फोडली. एका दणक्यात होईल असं वाटलं होतं, पण वर्षानुवर्षं भाजलेली माती दगडासारखी झाली होती. तिला घाम फुटला. हरणाबाई आधी ओरडली, मग रडली, मग पोत्यावर तोंड फिरवून बसली. फुटलेली ढेकळं प्रतीक्षानं पाटीतून नेऊन उकिरड्यावर टाकली आणि जागा सारवून घेतली.

मग ती माणिकप्पाकडं गेली. घरची भाकरी बंद झाली म्हणाली, पण हॉटेलातल्या भट्टीवर करायला मी येते. माणिकप्पाला तेच हवं होतं. आतल्या चुलवणावर मोठं विटांचं धुराडं होतं, कुणाच्या भिंतीच्या सावलीत नसलेलं. प्रतीक्षा सकाळी जाऊ लागली आणि दिवस कलल्यावर परत येऊ लागली. काम जास्त होतं, बसायला जागा कमी होती, आणि हॉटेलात जेवणारे लोक आत डोकावून "बाई, भाकरी आणा" म्हणायचे. ती भाकरी आता तिच्या नावाची राहिली नव्हती. माणिकप्पानं बाहेर पाटी लावली होती, घरगुती कडक भाकरी मिळेल.

सासूचं जेवण ती निघताना झाकून ठेवायची. गॅसवरची पोळी, भाजी, तांब्याभर पाणी. हरणाबाई दिवसभर एकटी. चूल नव्हती तर तिथं बसण्यात अर्थ नव्हता, तरी ती त्याच जागी पोतं टाकून बसायची.

एका संध्याकाळी दगडाबाईनं प्रतीक्षाला रस्त्यातच गाठलं.

"तुझी सासू आज बिभीषणच्या दारात गेलती. भिंत धरून धरून. मी बघितलं म्हणून सांगते. भाकर खावी वाटली म्हणं, पोळी गोड लागंना."

"मग?"

"महानंदा बाहेर आली. म्हणली, प्रतीक्षानं ठेवून गेली न्हाय का? म्हातारी म्हणली, ठिवलंय. मग महानंदा म्हणली, मग तेच खावं, इथं आमचं आवरलंय. आणि जाळीचं दार वढून घेतलं. तो आतच हुता. गाडी दारात हुती त्याची."

"मग आत्याबाई?"

"हुबी ऱ्हायली जरा. मग आली परत. मीच धरून आणली."

प्रतीक्षा घरी आली. ताटावरचं झाकण तसंच होतं. हरणाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती, झोपलेली नव्हती. प्रतीक्षानं हात धुतले, दिवा लावला, गॅसवर चहा ठेवला. भाकरी थापायला तिच्या दंडात ताकद उरली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मनातही उरली नव्हती.

"आत्याबाई, चहा."

हरणाबाई उठून बसली. कप घेतला. बराच वेळ फुंकत राहिली.

"तुला सांगितलं असंल दगडीनं."

"व्हय."

"तो झोपला असंल आत. दमून येतो. त्याला ऐकू गेलं नसंल."

 बाहेर कुमारची पिकअप थांबल्याचा आवाज झाला.

"सुट्टीच्या दिशी," हरणाबाई चहा संपवून कपाकडं बघत म्हणाली, "अंगणात तीन धोंडं मांडून करशील का गं एक भाकर? भाएर धूर कुटं बी जाईना का."

"न्हाय," प्रतीक्षा म्हणाली, आणि रिकामा कप तिच्या हातातून घेतला.